ताटातील भात-पोळी आणि अंगातील मेद

मेद कमी करण्याच्या अनेक उपायांपैकी धान्य सोडण्याच्या उपायाची आज सुशिक्षित घरांतून जेवढी चर्चा होते, तेवढी दुसऱ्या कशाचीही होत नसेल. नाशिकास गंगापूर रोडवर प्रातःकाळी फिरावयास निघालेली मंडळी असोत, की लग्नकार्यात पंक्तीस बसलेले पाहुणे असोत, 'मी भात सोडला', 'आमच्याकडे यांनी पोळी बंद केली', असे उद्गार कानी आल्यावाचून राहत नाहीत. ज्याचे वजन चार महिन्यांत आठ-दहा किलो उतरले तो ह्या आहाराचा प्रचारक होतो; ज्यास चक्कर आली किंवा मलावरोधाचा त्रास झाला तो त्यास शिव्याशाप देतो. घरातील वडील माणसे म्हणतात, 'पिढ्यान्‌पिढ्या आपण वरण-भातावर वाढलो. आताच तो वैरी कसा झाला?' प्रश्न रास्त आहे. म्हणूनच ह्या आहाराचे लाभ किती, धोके कोणते आणि एका चुलीवर दहा माणसांचा स्वयंपाक होणाऱ्या घरात तो कितपत साधण्यासारखा आहे, ह्याचा शांतपणे विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

महाराष्ट्रात ह्या विषयावर मते पुष्कळ आहेत. कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारसूत्रावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी 55 मिनिटांच्या आत जेवण्याचा आणि रोज चालण्याचा उपदेश घरोघर पोहोचविला. उलटपक्षी ऋजुता दिवेकर यांच्यासारख्या आहारतज्ज्ञ आपल्या प्रांतातील भात, तूप, भाकरी ह्यांचा त्याग न करण्याचा आग्रह धरतात. एकाच घरात सासरे पहिल्या पक्षाचे आणि सून दुसऱ्या पक्षाची, असेही घडते. धान्य कमी करण्याचा आहार ह्या दोहोंहून निराळा आहे. त्यात वेळेपेक्षा पदार्थांच्या निवडीस महत्त्व आहे.

आपल्या ताटाचा हिशेब

अन्नातील जी द्रव्ये पचून त्यांची रक्तात साखर होते त्यांस पिष्टमय किंवा शर्करामय पदार्थ, आणि अलीकडील परिभाषेत कर्बोदके, असे म्हणतात. भात, पोळी, भाकरी, पोहे, साबुदाणा, बटाटा, साखर, गूळ आणि फळे ह्यांत ती मुख्यतः असतात. मध्यम आकाराच्या एका पोळीत ती सुमारे 20 ग्रॅम, व वाटीभर भातात सुमारे 40 ग्रॅम असतात.

आता नाशिकच्या एका सामान्य घरातील दिवस घ्या. दोन वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा; सकाळी बशीभर पोहे; दुपारी तीन पोळ्या, वाटीभर भात, बटाट्याची भाजी व पातळ वरण; चार वाजता मूठ-दोन मुठी चिवडा; रात्री दोन पोळ्या, पुन्हा भात आणि वरण. ह्यात मिष्टान्न नाही, तळण नाही, रविवारची मिसळही नाही. कोणीही ह्यास साधे जेवण म्हणेल. तरी आमच्या ढोबळ हिशेबाने त्यात कर्बोदकांचे प्रमाण 300 ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे सुमारे 1200 कॅलरी, दिवसाच्या एकंदर उष्मांकाचा बहुतांश, केवळ ह्या एका घटकातून येतो. हे आपल्याच घरचे नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा जो वृत्तान्त 2025 साली प्रसिद्ध झाला, त्यात भारतीयांस सरासरी 62 टक्के उष्मांक कर्बोदकांपासून आणि अवघे 12 टक्के प्रथिनांपासून मिळतात असे आढळले.

दिवसाला 130 ग्रॅमहून कमी कर्बोदके घेणे ह्यास सामान्यतः अल्पकर्बोदक आहार म्हणतात. कीटो आहारात ही मर्यादा 20 ते 50 ग्रॅमपर्यंत खाली येते. म्हणजे दिवसभरात दोन पोळ्या खाल्ल्या की वाटा जवळजवळ संपला!

उपवासाच्या दिवशी तर मौजच होते. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण काही उगीच पडली नाही. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 85 ग्रॅमहून अधिक पिष्ट असते आणि प्रथिने जवळजवळ नसतात. त्यात बटाटा, जोडीस रताळ्याचा गोड कीस, म्हणजे ज्या दिवशी पोटास विश्रांती द्यावयाची तोच दिवस साखरेच्या दृष्टीने सर्वांत जड ठरतो.

कल्पना नवी नाही

हा आहार आजकालचे खूळ आहे असे समजण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश ह्या दोघांचाही विचार केला आहे. स्थूल मनुष्यास पोट भरेल परंतु पुष्टी वाढणार नाही असे अन्न द्यावे, हे तेथील सूत्र; आणि त्यासाठी जव, कोद्रू, मूग, कुळीथ व ताक ह्यांसारखे पदार्थ सांगितले आहेत. धान्य मुळीच नको असे चरकाचार्य म्हणत नाहीत. ते धान्याची जात बदलतात आणि जोडीस कडधान्य देतात. ही गोष्ट पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

पाश्चात्त्य देशांत लंडनच्या विल्यम बँटिंग नामक गृहस्थाने 1863 साली एक छोटी पुस्तिका काढली. प्रेतसंस्काराची व्यवस्था करणे हा त्याचा व्यवसाय. त्यास इतकी स्थूलता आली होती की वाकून बुटाची नाडी बांधणे कठीण झाले. डॉ. विल्यम हार्वी यांच्या सल्ल्याने त्याने पाव, साखर, बटाटे व बिअर सोडली, आणि वर्षभरात त्याचे वजन सुमारे 46 पौंड उतरले. स्वीडिश भाषेत वजन उतरविण्याच्या क्रियेस आजही त्याच्या नावावरून शब्द आहे. पुढे 1921 साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रोग्यांसाठी कीटो आहार सुचविला. तेव्हा तो औषधासारखा, डॉक्टरांच्या नजरेखाली द्यावयाचा होता. 1972 साली डॉ. ॲटकिन्स यांच्या पुस्तकाने असा आहार वजन उतरविण्यासाठी घरोघर नेला. औषध जेव्हा दवाखान्यातून निघून बाजारात येते तेव्हा त्याची मात्रा व पथ्य दोन्ही विसरली जातात. येथेही थोडेसे तसेच झाले.

लाभ कोणते

धान्य व साखर कमी केली म्हणजे जेवणानंतर रक्तातील साखर फार चढत नाही, आणि ती उतरविण्यासाठी लागणारे इन्सुलिनही कमी पुरते. त्या जागी प्रथिने आली तर पोट अधिक वेळ भरलेले राहते आणि मधल्या वेळचे खाणे आपोआप सुटते. बिस्कीट, फरसाण, शेव, मिठाई हे सर्व ह्या एकाच नियमाने घराबाहेर जातात, हाही लाभ लहान नाही. मधुमेह्यांच्या रक्तातील साखर उतरते. ट्रायग्लिसराइड नामक चरबी घटते. पहिल्या सहा महिन्यांत वजनही इतर आहारांपेक्षा बहुधा अधिक झपाट्याने कमी होते.

तथापि पहिल्या आठवड्यातील यशाने हुरळून जाऊ नये. यकृत व स्नायू ह्यांत साखरेचा जो साठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. धान्य बंद होताच हा साठा आटतो आणि पाणी निघून जाते. काट्यावर दोन किलो कमी दिसतात खरे. पण त्यांत मेद थोडा, पाणी फार. म्हणूनच एखाद्या सणाला पुरणपोळी खाल्ली की 'सगळे परत आले' असा घोष होतो!

दीर्घकाळाचे काय? कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रा. गार्डनर यांनी 609 स्थूल स्त्रीपुरुषांवर वर्षभर प्रयोग करून त्याचे फळ 2018 साली प्रसिद्ध केले. अर्ध्यांनी कर्बोदके कमी केली, अर्ध्यांनी स्निग्ध पदार्थ. वर्षअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरी 6 किलो, दुसऱ्याचे 5.3 किलो उतरले. म्हणजे दोहोंत म्हणण्यासारखे अंतर नाही. मात्र दोन्ही गटांस साखर व मैदा टाळण्यास आणि भरपूर भाजी खाण्यास सांगितले होते. प्रत्येक गटात कोणाचे वजन पुष्कळ उतरले, तर कोणाचे वाढलेही. ह्यावरून असे दिसते की मार्ग एकच नाही. ज्यास जो मार्ग वर्षानुवर्षे चालवतो तोच त्याचा.

त्याच वर्षी अमेरिकेतील पंधरा हजारांहून अधिक प्रौढांच्या दीर्घ निरीक्षणाचा वृत्तान्त आला. कर्बोदकांपासून 50 ते 55 टक्के उष्मांक घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी होते. त्याहून फार कमी किंवा फार अधिक घेणाऱ्यांत ते वाढलेले दिसले. धान्याच्या जागी मांस आणणाऱ्यांत ते अधिक, तर डाळी, कडधान्ये व शेंगदाण्यासारख्या वनस्पतिजन्य पदार्थांनी ती जागा भरणाऱ्यांत कमी होते. निरीक्षणावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे खरे. परंतु दिशा कळते. ताटातून काय काढले ह्याइतकेच त्या जागी काय वाढले ह्यास महत्त्व आहे.

आपल्याकडील पाहणीनेही हेच सांगितले. दैनिक उष्मांकांपैकी पाच टक्के कर्बोदकांकडून काढून वनस्पतिजन्य किंवा दुधाच्या प्रथिनांस दिले तर मधुमेहाचा धोका कमी दिसतो. परंतु एकंदर प्रमाण तेवढेच ठेवून भाताऐवजी गव्हाची पोळी किंवा नाचणीची भाकरी घेतल्याने तसा लाभ आढळला नाही. पेठ-सुरगाण्याची नागली आम्हांसही प्रिय आहे. पण 'मी भात सोडून चार भाकऱ्या खातो' असे म्हणणाऱ्या गृहस्थांनी ह्या वाक्याचा अवश्य विचार करावा.

आपल्या देहाची प्रकृती

आणखी एक गोष्ट आपल्या घरांस विशेष लागू पडते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली आपले व ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचे छायाचित्र 'लॅन्सेट' साप्ताहिकात छापविले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के! दिसावयास सडपातळ, आतून मेदयुक्त, अशी आपली घडण आहे. म्हणूनच आपल्यासाठी स्थूलतेच्या मर्यादा खाली ठेविल्या आहेत: निर्देशांक 23 च्या वर गेला की वजन अधिक, 25 च्या वर स्थूलता, कंबर पुरुषाची 90 आणि स्त्रीची 80 सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी.

ह्यातून निघणारा दुसरा निष्कर्ष बहुधा ध्यानी घेतला जात नाही. चरबी अधिक म्हणजेच स्नायू कमी. अशा मनुष्याने नुसते धान्य सोडले, प्रथिने वाढविली नाहीत आणि व्यायाम केला नाही, तर मेदाबरोबर आधीच तुटपुंजे असलेले स्नायूही झिजतात. काटा आनंदाची बातमी देतो, आणि जिना चढताना पाय मात्र लटपटतात.

धोके, आणि ते कोणास

प्रारंभी डोके दुखणे, थकवा, पायांत गोळे येणे असे त्रास होतात. ते बहुधा पाणी व क्षार कमी झाल्याने होतात आणि काही दिवसांत शमतात. तंतुमय पदार्थ कमी पडल्याने मलावरोध होतो. शाकाहारी मनुष्य कडक कीटो आहार करू लागला की ताट तूप, लोणी, साय, चीज आणि खोबरे ह्यांनी भरते, आणि कित्येकांच्या रक्तातील घातक कोलेस्टेरॉल त्यामुळे वाढते. वजन झपाट्याने उतरले तर पित्ताशयात खडे होण्याचा संभव असतो.

परंतु खरी चिंता आहे ती औषधे घेणाऱ्यांची. जे मधुमेही इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी औषधाची मात्रा न बदलता भात-पोळी सोडली तर साखर एकाएकी उतरून बेशुद्धी येऊ शकते. ज्यांच्या गोळीच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येते, त्यांस निराळेच भय आहे: रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही आम्लता वाढून जीव धोक्यात येऊ शकतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी व धाप ही त्याची लक्षणे होत. ती दिसताच रुग्णालय गाठावे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ह्याविषयी 2015 सालीच इशारा दिला. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांचा दाब फार उतरून चक्कर येते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने प्रथिने वाढविणे हितावह नाही. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या मातांनी आणि वाढत्या वयाच्या मुलांनी कडक आहाराच्या वाटेस जाऊच नये. शाकाहाऱ्यांत बी-12 जीवनसत्त्वाची उणीव आधीच पुष्कळ आढळते, आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने ती आणखी वाढू शकते. धान्य सोडल्याने ती भरून निघत नाही, हेही ध्यानी असावे.

एका चुलीचा प्रश्न

आता ज्या मुद्द्याविषयी आहारावरील पुस्तकांत क्वचितच काही सापडते तिकडे वळू. ती पुस्तके एकट्या मनुष्यासाठी लिहिलेली असतात. आपल्या घरात मात्र मधुमेही आजोबा, स्थूल यजमान, परीक्षेस बसलेला मुलगा, बाळंतपणानंतर माहेराहून आलेली सून आणि शेवटी जेवणारी गृहिणी ही सर्व एकाच स्वयंपाकघरावर अवलंबून असतात. यजमानांनी कीटो सुरू केला की गृहिणीचे काम दुप्पट होते: त्यांच्यासाठी पनीर, मुलांसाठी पोळ्या, आजोबांसाठी मऊ भात. हा भार तीन महिने वाहिला जातो. चौथ्या महिन्यात नियम मोडतो, आणि दोष मात्र यजमानांच्या जिभेस दिला जातो.

ह्याहून गंभीर गोष्ट अशी की यजमानांनी पोळी कमी करून उसळ व दही अधिक घेतले, पण स्वयंपाकात उसळ आणि दही पूर्वीइतकेच राहिले, तर शेवटच्या पंक्तीस काय उरते? टोपात भात आणि डब्यात पोळ्या! एकाच्या ताटातील कमी झालेले पिष्ट दुसरीच्या ताटात जाते, आणि तिच्या वाट्याची प्रथिने पहिल्याच्या ताटात. घरातील पुरुषाचे पोट उतरते आणि स्त्रीचे वाढते, हा काही योगायोग नव्हे. पुढे त्याच स्त्रीच्या जाडीची थट्टा करावयासही आपण मागेपुढे पाहत नाही. म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे की आहारात बदल करावयाचा असेल तर तो ताटात न करता आधी वाणसामानाच्या यादीत करावा. महिन्याचे गहू-तांदूळ व साखर कमी आणि त्याच प्रमाणात डाळी, मटकी, मूग, चवळी, शेंगदाणे व दूध अधिक, असे झाले तरच शेवटी बसणारीपर्यंत लाभ पोहोचतो.

राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही एकंदर उष्मांकांपैकी धान्याचा वाटा 45 टक्क्यांहून अधिक नसावा असे सांगितले आहे. 2000 कॅलरींच्या दिवसासाठी धान्य 250 ग्रॅम, डाळी व कडधान्ये 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम आणि दूध किंवा दही 300 मिलिलिटर, असा त्यांचा साधारण हिशेब आहे. आपल्या घरी माणशी 85 ग्रॅम डाळ खरोखर शिजते काय, हे गृहिणींनी एकदा तोलून पाहावे.

प्रत्यक्ष व्यवहारात हे अवघड नाही. पोह्यांऐवजी आठवड्यातून चार दिवस मुगाचे धिरडे करावे. दुपारी दोन पोळ्या, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, पालेभाजी व दही घ्यावे. रात्री एक भाकरी, उसळ, भाजी व ताक. चिवड्याच्या जागी मूठभर फुटाणे. चहा बिनसाखरेचा. एवढ्याने कर्बोदके 300 ग्रॅमवरून 190 च्या घरात येतात, प्रथिने 50 ते 60 ग्रॅमपर्यंत जातात, आणि कोणासही निराळा स्वयंपाक करावा लागत नाही. वाढत्या मुलांस व पाजणाऱ्या सुनेस ह्याच ताटात एक-दोन पोळ्या व दूध अधिक वाढावे. ज्या घरांत अंडी चालतात त्यांचे काम आणखी सोपे आहे. भाजी-उसळ आधी व भात मागून खाल्ल्यास साखरही सावकाश चढते. सणावारी नैवेद्याच्या पानावर वरण-भाताची मूद असावीच. ती तीनदा वाढून घेऊ नये एवढेच. उपवासास साबुदाण्याऐवजी राजगिरा, दूध, ताक व थोडे शेंगदाणे घेतल्यास धर्मासही बाध येत नाही. दिंडोरी-निफाडची द्राक्षे हंगामात मूठभर खाण्यास कोणाची हरकत नसावी; वाडगाभर मात्र नकोत. ह्या जोडीस चालणे आणि स्नायूंस काम देणारा थोडा व्यायाम हवाच.

मधुमेहाचे, रक्तदाबाचे किंवा मूत्रपिंडाचे औषध चालू असेल त्यांनी मात्र एवढा सौम्य बदलही आधी आपल्या डॉक्टरांस सांगून करावा. गोळ्यांची मात्रा तेच बदलतील. ह्याहून कडक आहार करण्याची ज्यांची इच्छा आहे, त्यांनी तो ठरावीक मुदतीसाठी, रक्ततपासणी करून आणि जाणत्या वैद्यकीय देखरेखीखालीच करावा. शेजाऱ्याचे वजन उतरले हे त्याचे प्रमाणपत्र नव्हे.

भात-पोळी आपली वैरीण नाही. ताटाची धनीण मात्र ती होऊन बसली आहे. तिला तिच्या जागी बसवावयाचे, आणि मोकळी झालेली जागा वरण, उसळ व भाजी ह्यांस द्यावयाची, एवढीच ही सुधारणा. ती किती टिकली हे यजमानांच्या वजनाच्या काट्यावर पाहू नये. सहा महिन्यांनी, घरात सर्वांत शेवटी वाढल्या जाणाऱ्या ताटात उसळीची वाटी भरलेली आहे की नाही, हे पाहावे.